अर्थमंत्री मॅडम, नोकरी राहिली म्हणजे सगळं राहिलं असं नाही

माननीय निर्मला सीतारामन मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी बेळगाव जिल्ह्यात एका बँकेत क्लार्क आहे. राज्यसभेत तुम्ही कर्नाटकातूनच गेलाय, म्हणून हक्कानं लिहितोय.

2019 ला दहा बँकांचं विलीनीकरण जाहीर केलंत तेव्हा एकाचीही नोकरी जाणार नाही म्हणालात. पगार चालू राहिला, मान्य. पण एप्रिल 2020 ला सिंडिकेट कॅनरात गेली, मे 2025 ला धारवाडची कर्नाटक विकास ग्रामीण बँक नव्या बँकेत जाऊन हेड ऑफिस बळ्ळारीला झालं, आणि दरवेळी काउंटरच्या आतल्या माणसाचे तेच प्रश्न, आपली शाखा राहणार का, बदली कुठं, सिनियॉरिटी कशी धरणार. खानापूरकडं म्हातारे आईवडील, मुलं मराठी माध्यमात, आणि ऑर्डर निघाली रायचूरला, तर तिथं मराठी शाळा कुठं शोधायची सांगा. अभ्यासकसुद्धा दोन भीत्या वेगळ्या मानतात, एक नोकरी जाण्याची आणि दुसरी नोकरी राहून ठिकाण, पद, प्रमोशन जाण्याची. तुमचं आश्वासन फक्त पहिलीवर होतं.

यावर आम्हाला मिळतं काय, तर पॉझिटिव्ह राहण्याचं ऑनलाइन ट्रेनिंग. अमेरिकेतले व्यवस्थापन अभ्यासक फ्रेड लुथान्स यांनी मानसिक भांडवल म्हणून चार गोष्टी मांडल्यात, आशा, स्वतःवरचा विश्वास, पडल्यावर सावरायची ताकद आणि आशावाद. या वाढवता येतात हे मला मनापासून पटतं. पण त्यातली आशा म्हणजे होईल सगळं चांगलं असं नाही हो, काय गाठायचं आणि कुठल्या वाटेनं हे दोन्ही दिसायला लागतं, आणि पुढच्या मार्चला कुठल्या शाखेत असणार हेच माहीत नाही त्याला वाट कुठली दिसणार? संध्याकाळी व्हिडिओ कॉन्फरन्सवर इन्शुरन्सच्या टार्गेटवरून सगळ्यांसमोर झापलं की स्वतःवरचा विश्वास तरी किती टिकणार?

विलीनीकरण करा, पण शाखांची यादी आणि बदलीचे नियम सहा महिने आधी लेखी द्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर चांगला आहे, तरी आमच्यातले बरेच जण वरपर्यंत कळेल या भीतीनं फोनच करत नाहीत. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, तिथल्या मदतीनं मराठी-कन्नड दोन्ही बोलणारा समुपदेशक इथं बेळगावात द्या, आणि कोण भेटायला गेलं हे सर्व्हिस रेकॉर्डवर येणार नाही असा आदेश काढा. गावात बँकेचं काम करणारे बँक मित्र, आउटसोर्सिंगवरचे शिपाई यांनाही त्यात धरा, त्यांना तर पहिल्या भीतीवरही कुणी शब्द दिलेला नाही.

आपला,
बेळगाव जिल्ह्यातला एक बँक कर्मचारी