भिलारच्या काकूंना, अगदी मनापासून थँक्यू

प्रिय काकू,

शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही "अवो त्यात काय एवढं" म्हणता आणि लगेच पोरं जेवली का, तिकडं पाऊस झाला का असं सुरू करता, त्यामुळे माझं बोलणं दर वेळी राहूनच जातं. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर, कारण तुम्ही आमच्या घरासाठी काय केलंत ते चार लोकांना कळावं असं मला फार वाटतं. खास करून आमच्यासारखे जे महाराष्ट्राबाहेर मुलं वाढवतायत त्यांना.

आम्ही बंगळूरचे. म्हणजे मी माहेरची हडपसरची, मुलांचे बाबा सोलापूरचे, पण दोन्ही मुलं जन्मली ती इथेच. घरात चोवीस तास मराठी, त्याबाबतीत आम्ही दोघंही कडक. मुलं मराठीत भांडतात, मराठीत एकमेकांना चिडवतात, आजीशी फोनवर तासभर गप्पा मारतात. वाचनाचं मात्र तसं नव्हतं. शाळेत इंग्रजी, कन्नड, हिंदी अशा तीन भाषा, तीन लिप्या आणि तिन्हींचा होमवर्क. कन्नड इथल्या शाळेत कंपल्सरी आहे आणि ती असायलाच हवी, ज्या गावचं पाणी पितो तिथली भाषा आलीच पाहिजे, आणि थोरलीला खरंच सुंदर कन्नड येते, भाजीवाल्या अक्कांशी ती इतकं गोड बोलते की त्या कोथिंबिरीची जुडी तशीच हातात देतात. देवनागरी अक्षरं तिला हिंदीमुळे येत होतीच. पण मराठी पुस्तक हातात दिलं की दोन पानं वाचायची आणि "आई तूच वाच ना" म्हणून परत द्यायची. दर उन्हाळ्यात पुण्याहून पुस्तकं यायची, मी वाचून दाखवायचे, दोघं ऐकायची, ते सगळं छान चाललेलं, फक्त ती स्वतःहून पुस्तक उघडायची नाही. इंग्रजी जाडजूड पुस्तकं फडशा पाडल्यासारखी संपवणारी मुलगी मराठीच्या एका पानावर अडते हे बघून मला आतून कसंतरी व्हायचं. तिच्या आजीची, पणजीची भाषा तिच्यापर्यंत नुसती कानानेच पोचणार का, असं वाटत राहायचं.

यंदा मे महिन्यात पुण्याला जाताना ट्रेनऐवजी गाडी काढली ती मुद्दाम, वाटेत भिलारला, तुमच्या पुस्तकांच्या गावी, थांबायचं म्हणून. तो रस्ता मला फार आवडतो. चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी, धारवाड, सगळीकडे कन्नड पाट्या आणि थोरली मागच्या सीटवरून मोठ्याने वाचत असते, मग बेळगावच्या आसपास दोन्ही भाषा कानावर पडायला लागतात, ढाब्यावरचा पोऱ्या एका टेबलावर कन्नडमध्ये ऑर्डर घेतो आणि दुसऱ्या टेबलावर मराठीत, आणि निपाणी मागे टाकून कागल आलं की पाट्या बदलतात. धाकट्याला आम्ही सांगितलं होतं की अक्षरं बदलली की ओरड, तर तो कागलला इतका जोरात ओरडला की बाबांनी ब्रेकच मारला. कोल्हापूरला मिसळ, साताऱ्याच्या पुढे सुरूर फाट्यावरून आत, वाईला कृष्णेच्या घाटावर पाय धुतले आणि ढोल्या गणपतीचं दर्शन घेतलं. मराठी विश्वकोशाचं काम या छोट्याशा गावातून चालत आलंय हे मुलांना सांगितलं तेव्हा थोरलीने विचारलं, एवढं मोठं काम पुण्या-मुंबईत का नाही केलं? मी म्हटलं विश्वकोशाचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथे राहायचे, माणूस जिथे असतो तिथे काम होतं. पसरणीचा घाट चढून पाचगणी, आणि तिथून महाबळेश्वरच्या रस्त्याला थोडं पुढे तुमचं गाव.

भिलारबद्दल मी वाचलेलं बरंच होतं. 4 मे 2017 ला 'पुस्तकांचं गाव' म्हणून उद्घाटन झालं, राज्य मराठी विकास संस्था ते बघते, वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना आली, वगैरे. पण तिकडे आहेत ती जुन्या पुस्तकांची दुकानं, आणि तुमच्या गावात लोकांनी आपल्या राहत्या घरातली पुढची खोली पुस्तकांना दिलीये, हे प्रत्यक्ष दारात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. एका घरात कादंबऱ्या, एका घरात इतिहास, कुठे कविता, कुठे संतसाहित्य, कुठे दिवाळी अंक, भिंतींवर चित्रं, कुणीही यावं, चप्पल काढून आत बसावं, हवं तेवढं वाचावं, पैसे नाहीत काही नाहीत. आणि आतल्या खोलीत कुकरची शिट्टी होत असते! स्ट्रॉबेरीच्या शेतात राबून आलेली माणसं अनोळखी लोकांना विचारतात, पाणी देऊ का. मला पहिल्या संध्याकाळी भरूनच आलं.

तुमच्याकडे मुलांची पुस्तकं होती म्हणून आम्ही आलो. धाकटा लगेच चित्रांच्या पुस्तकात घुसला. थोरली दारातच उभी, मोबाइल मागायच्या बेतात. संध्याकाळ व्हायला आली होती, टुरिस्ट लोक निघून गेलेले आणि खोलीभर पुस्तकांचा पसारा, गादीवर, खिडकीत, दोन तर चक्क चपलांच्या शेजारी. तुम्ही तिला म्हणालात, "ए पोरी, हितं ये, जरा हात लाव मला." आणि तुमची पद्धत समजावून सांगितलीत, बारक्या पोरांची चित्रांची पुस्तकं खाली, गोष्टी मधल्या दोन कप्प्यांत, गाणी-कविता उजवीकडे, शास्त्राची वरती. बास. तुम्ही झाडू घेऊन ओसरीत गेलात.

आता कडेवरचं नाव वाचल्याशिवाय पुस्तक कुठे ठेवायचं ते कळणार कसं? आणि नावावरून तरी कुठे कळतं दर वेळी. तिने आतूनच ओरडून विचारलं, "आजी, हे गाणी आहे की गोष्टी?" तुम्ही बाहेरूनच म्हणालात, "उघडून बघ की." तिने उघडलं. दोन ओळी वाचल्या, उजवीकडे ठेवलं. पुढचं उघडलं. त्याच्या चार ओळी वाचल्या. मी ओसरीच्या कट्ट्यावर बसून हे सगळं बघत होते आणि श्वाससुद्धा हळू घेत होते, कारण तिचं लक्ष माझ्याकडे गेलं असतं तर सगळं थांबलं असतं असं मला वाटत होतं. अर्ध्या तासाचं काम तिने दीड तास केलं, आणि तुम्ही एकदाही "आवर लवकर" म्हणाला नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून ती "माझी ड्यूटी आहे" म्हणायला लागली. टेबल लँडला घोड्यावर बसायचं होतं ते सुद्धा तिने सकाळी उरकायला लावलं, संध्याकाळी तुमच्याकडे पोचायचं म्हणून. मुक्काम आम्ही वाढवला तो याच्यामुळेच. एक दिवस अंधार पडला तरी आली नाही म्हणून मी बोलवायला आले तर बाई उंबऱ्यात बसलेल्या, पुस्तक गुडघ्यावर, बाकीचा पसारा तसाच पडलेला. तुम्ही डोक्यावरचा दिवा लावलात आणि मला हातानेच थांबवलंत. "राहू द्या, वाचतीया." पसारा त्या रात्री तुम्ही एकट्यांनी आवरलात हे मला सकाळी तुमच्या सूनबाईंकडून कळलं.

आणि ती पडवीतली सकाळ! पाऊस तोंडावर आला होता, वर गच्चीत तुमच्या कुरडया वाळत होत्या आणि खाली पडवीच्या सावलीत तुम्ही पुस्तकं हवेला लावलेली, पंख्यासारखी उघडी, उभी. तुम्ही सांगितलंत की इथलं धुकं पावसाळ्यात घरातच शिरतं, पानं एकमेकांना चिकटतात, उन्हात घातली तर पिवळी पडतात, म्हणून अशी सावलीतच हवा द्यायची, आणि मग कपाटाला आतून प्लॅस्टिकचा कागद लावून टाकायचा. पुस्तकं काय तुम्ही लिहिलेली नाहीत, विकत घेतलेली नाहीत, तरी एकेका पुस्तकाची धूळ तुम्ही पदराने पुसत होतात. मुलं दोघं पानं उलटायच्या कामाला लागली होती. धाकट्याला अजून नीट वाचता येत नाही, तो चित्र दिसलं की थांबायचा आणि "दीदी हे काय चाललंय?" आणि दीदी वाचून सांगायची. आमच्या घरात मराठी वाचून दाखवणारी मी एकटीच होते, त्या दिवशी दुसरी कुणीतरी तयार झाली.

तुमच्या बोलण्याबद्दलही सांगायचंय. हितं, तितं, ठिव, जाग्यावर, कशापायी... मुलांनी आत्तापर्यंत आमचीच मराठी ऐकलेली, आजीची पुण्याची आणि थोडीफार सोलापूरची. तुमची ऐकून आधी दोघं एकमेकांकडे बघत होती, दोन दिवसांत धाकटा गाडीत "पानी ठिवलंय का पप्पा" म्हणायला लागला आणि मी त्याला अज्जिबात टोकलं नाही. पुस्तकातली मराठी एक, घरातली एक, तुमची एक, सगळ्या आपल्याच हे मुलांना इतक्या लहानपणी कळलं याचा मला फार आनंद आहे. तुम्हीही थोरलीला एकदाही टोकलं नाहीत. हिंदीच्या सवयीने ती सगळे च सारखेच वाचायची, चमचा आणि चहा एकाच सुरात. तुम्ही ऐकून घेतलंत आणि तोच शब्द आपल्या बोलण्यात सहज आणलात, की तिचं आपोआप बदललं. ळ ला मात्र काही अडचण नव्हती, कन्नडमध्ये तो रोजचाच आहे, शेजारच्या भाषेचा असा उपयोग झाला.

निघताना तुम्ही पोरांच्या हातावर जांभळं ठेवलीत, आणि आम्ही करून दिलेली फिल्टर कॉफी आवडली म्हणालात. तिथून खंबाटकीच्या बोगद्यातून आईकडे हडपसरला. गाडीत थोरलीने जाहीर केलं की फुरसुंगी बघायचीच, कारण तुमच्या कपाटात तिला फास्टर फेणे सापडला होता आणि तो फुरसुंगीचा. आता फुरसुंगी आईच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, मी लहानपणापासून शेकडो वेळा गेलेय, बघण्यासारखं म्हणून कुणी तिथे जात नाही, बिल्डिंगा आणि ट्रॅफिक. तरी गेलो. सासवड रोडच्या गर्दीत धाकटा खिडकीतून डोकं काढून "ट्टॉक! ट्टॉक!" करत होता, आणि थोरली गंभीरपणे बघत होती की बनेश, म्हणजे फास्टर फेणे, सायकल कुठून चालवत असेल. माझ्या माहेरचा रस्ता माझ्या मुलीने पुस्तकातून ओळखला, काकू. यापेक्षा मला आणखी काय हवं होतं?

इकडे आल्यावरही चालू आहे. 1 जूनला शाळा सुरू झाली तेव्हा मला धाकधूक होती, पण झोपायच्या आधी धाकट्याला एक गोष्ट वाचून दाखवायची हे तिने स्वतःवर घेतलंय. बालभारतीचं किशोर मासिक 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात, ते आम्ही टॅबवर लावून देतो, माझ्या लहानपणीचे अंक मुलं वाचतायत आणि मी स्वयंपाकघरातून ऐकतेय. आमच्या बिल्डिंगमध्ये आणखी दोन मराठी घरं आहेत, तिथलीही मुलं येऊन बसतात कधी कधी.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या सगळ्या ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज होते, मीही पाठवले, आनंदच झाला होता. पण मला विचाराल तर मराठी तुमच्यासारख्या माणसांच्या जिवावर उभी आहे. रोज संध्याकाळी कुणीतरी पसरलेली पुस्तकं परत जागेवर लावतंय, दर पावसाळ्याआधी त्यांना हवा देतंय, परक्याच्या मुलीला "हात लाव" म्हणून आपल्या कामात घेतंय. माझ्या मुलीवर तुम्ही विश्वास टाकलात आणि तिने तो निभावला, हे उपकार मी विसरणार नाही.

या पत्राबरोबर कुरियरने पार्सल पाठवतेय, त्यात कॉफी पावडर आहे, निम्मी चिकोरीवाली आणि निम्मी बिनचिकोरीची, फिल्टरही टाकलाय, सूनबाईंना कसं करायचं ते फोनवर सांगेन. थोरलीने तुम्हाला स्वतः पत्र लिहिलंय, मराठीत, तेही आत आहे. मी ते तपासलेलं नाही, तिने दिलं तसंच पाकिटात घातलं.

तिचा एक निरोप आहे. मधल्या कप्प्यातलं निळ्या कव्हरचं पुस्तक तिचं अर्धं राहिलंय, आत तिने बसचं तिकीट घालून ठेवलंय, ते काढू नका म्हणतेय. आमच्याकडे दसऱ्याची मोठी सुट्टी असते, तेव्हा येतोच आहोत, शेजारच्या घरातली खोली सांगून ठेवलीये. पावसाळ्यात कपाटांना कागद लावाल तेव्हा ते पुस्तक जरा पुढेच राहू द्या.

तुमची,
बंगळूरची लेक