ओट्याची उंची आधी, रंग मागाहून

चि. लेकीस,

अनेक आशीर्वाद.

नव्या घराच्या स्वयंपाकघराचा नकाशा मिळाला. सोबत दगडाचे आणि रंगांचे नमुने पाठवून त्यातलं काय घ्यावं असं तू विचारलं आहेस. रंगाचं मागाहून बघू. तो केव्हाही बदलता येतो. सांडपाण्याचा पाइप, ओट्याची उंची आणि चिमणीचं भोक एकदा झालं की तोडफोड केल्याशिवाय हलत नाही. जन्मभर लोकांच्या घरी ओटे आणि ट्रॉल्या बसवत आलो, म्हणून जरा अधिकारानं लिहितो आहे.

नकाशा सुबक आहे, पण तो एकट्या माणसासाठी काढलेला आहे. तुमच्या घरी तू स्वयंपाक करतेस, जावईबापू करतात, सासूबाईंना बसून का होईना हातभार लावायचा असतो, आणि लेकरू पायांत घुटमळतच असतं. ही सगळी माणसं त्या नकाशात कुठे उभी राहणार, हे मला दिसलं नाही.

एकट्या माणसाचं स्वयंपाकघर ही कल्पना जुनी आहे. 1926 मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी एक आटोपशीर स्वयंपाकघर आखलं. सुमारे 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब. त्यासाठी त्यांनी रेल्वेच्या भोजनडब्यांतली स्वयंपाकघरं अभ्यासली, कामाला लागणारा वेळ आणि पावलं मोजली. तशी साधारण दहा हजार स्वयंपाकघरं तिथे बसली, आणि आज आपण मॉड्युलर म्हणतो त्याचं मूळ बरंचसं तिथे आहे. घरच्या बाईचे कष्ट आणि वेळ वाचावा हा त्यांचा हेतू, आणि त्याबद्दल मला फार आदर आहे. पण त्या रुंदीत दुसरं माणूस आलं की अडचण होते, आणि मग काम एकीच्याच गळ्यात पडतं. पुढे 1940 च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात कामाच्या त्रिकोणाचा नियम रुजला: फ्रिज, सिंक आणि शेगडी हे तीन कोपरे, प्रत्येक बाजू 4 ते 9 फूट, तिन्ही मिळून 26 फुटांच्या आत. नियम चांगला आहे, मी नेहमी त्यावरून ताडून बघतो. मात्र तोही एकाच माणसाची चाल मोजतो. तेव्हा त्रिकोण सांभाळ, आणि दुसऱ्या माणसाला त्या त्रिकोणाबाहेर स्वतःची जागा दे.

यासाठी मधला ओटा खोडून टाक. तुला तो फार आवडला आहे हे मला ठाऊक आहे, पण हिशेब बघ. खोली 10 फूट रुंद. उजव्या भिंतीचा ओटा 2 फूट खातो, मधला ओटा 3 फूट. उरले 5 फूट, म्हणजे दोन्ही बाजूंना अडीच-अडीच. एका माणसाला काम करायला निदान साडेतीन फुटांची वाट लागते, दोघांना 4 फुटांची. अडीच फुटांत खालची ट्रॉली पूर्ण ओढली की पाय ठेवायला जागा राहत नाही. ज्या घरांत खोली मोठी आहे तिथे मधला ओटा शोभतो आणि कामालाही येतो. तुझ्या खोलीत तो रोज वाटेत येईल.

त्याऐवजी डाव्या भिंतीला दीड फूट खोलीचा एक ठेंगणा ओटा घे, उंची 30 इंच, आणि खाली कपाट न करता पाय घालायला मोकळी जागा सोड. सासूबाई खुर्चीवर बसून निवडतील, चिरतील. मळणं-लाटणं वरून जोर देऊन करायचं काम, तेही उभ्यानं ठेंगण्या ओट्यावरच बरं होतं. मुलगा तिथे अभ्यासाला बसेल. मधे साडेसहा फूट मोकळे राहतात, तेव्हा दोघं पाठीला पाठ करून उभी राहिली तरी तिसरं माणूस सहज जाईल.

आता उंची. नकाशात सरसकट 34 इंच लिहिलं आहे. हा आकडा कुणाच्या अंगावर मोजला, ते त्यात लिहिलेलं नाही. सरळ उभी राहा, हात कोपरात काटकोनात वाकव आणि जमिनीपासून कोपरापर्यंत माप घे. त्यातून 4 ते 6 इंच वजा केले की चिरण्या-कापण्याच्या ओट्याची उंची मिळते. जावईबापूंचंही माप घे, ते चांगलेच उंच आहेत. ओटा उंच झाला तर खांदे वर चढतात, ठेंगणा झाला तर कंबर जाते, आणि हे दुखणं वर्षानुवर्षं मुक्कामाला राहतं. दोघांच्या मापांत 3 इंचांपेक्षा जास्त फरक निघाला तर मुख्य ओट्याची उंची उंच माणसाच्या मापाजवळ ठेव, तुला ठेंगणा ओटा आहेच.

यातही एक बारकावा आहे, जो बहुतेक जण सोडून देतात. सिंकमध्ये हात काम करतात ते तळाशी, काठाशी नव्हे. 8 इंच खोल सिंक ओट्याच्याच पातळीला बसवलं तर भांडी घासणारा माणूस 8 इंच खाली वाकतो. शेगडीचं उलट: शेगडीची उंची आणि वर भांड्याची उंची, म्हणजे ढवळणारा हात ओट्याच्या पुष्कळ वर जातो. म्हणून सिंकचा भाग दोनेक इंच उंच आणि शेगडीचा भाग दोनेक इंच खाली घ्यावा. दगड सलग दिसणार नाही, कारागीर कुरकुर करील, पण तू हटू नकोस. अगदीच जमलं नाही तर निदान सिंक कमी खोलीचं घे.

सिंक कोपऱ्यात काढलं आहे ते खिडकीखाली सरकव. कोपऱ्यातल्या सिंकपाशी एकच माणूस मावतं. एका बाजूला 2 फूट आणि दुसऱ्या बाजूला दीड फूट ओटा असू दे, म्हणजे खरकटं एकीकडे आणि धुतलेलं दुसरीकडे. शेगडी उजव्या भिंतीला, खिडकीपासून दूर: वाऱ्यानं ज्योत हलते आणि पडदा उडून आगीवर येऊ शकतो. ती दारालगतही नको, येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का भांड्याच्या दांड्याला लागतो. सिंक आणि शेगडी यांच्यामध्ये निदान 3 फूट मोकळा ओटा हवाच. स्वयंपाकाचा सगळ्यांत जास्त वेळ तिथेच जातो, त्यामुळे तिथे मिक्सर, डबे, स्टँड काही कायमचं ठेवायचं नाही. फ्रिज दाराकडच्या टोकाला आला की पाणी घ्यायला येणारा माणूस काम करणाऱ्याच्या अंगावरून जाणार नाही. मात्र फ्रिज भिंतीला अगदी चिकटवू नकोस; दार काटकोनाच्या पुढे उघडलं नाही तर आतले खण बाहेर येत नाहीत. आणि मुठीच्या बाजूला सव्वा फूट ओटा ठेव, काढलेली वस्तू टेकवायला. अशी मांडणी केली तर त्रिकोणाच्या तिन्ही बाजू मिळून 20 फुटांच्या आत बसतात.

ओट्याखाली फळ्या नकोत, पूर्ण बाहेर येणाऱ्या ट्रॉल्या घे. फळीवरची मागची वस्तू काढायला गुडघे टेकावे लागतात. जड भांडी गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या टप्प्यात राहतील असं बघ. कपाटांच्या तळाशी 4 इंच उंच आणि 3 इंच आत खाच हवी, पावलं तिथे गेली की माणूस ओट्याला लागून सरळ उभं राहतं.

चिमणीची नळी बाहेर निघालीच पाहिजे, शक्य तितकी आखूड आणि कमी वळणांची. नळी नसलेली चिमणी वाफ गाळून पुन्हा खोलीतच सोडते. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, तो डोळ्यांना दिसत नाही आणि लहान मुलांच्या छातीला वाईट. दिवे वरच्या कपाटांच्या खाली, पुढच्या कडेला. फक्त छताच्या मधोमध दिवा असला तर सुरीवर तुझीच सावली पडेल.

दगडाबद्दल थोडंच. ग्रॅनाइट उष्णता सोसतो, पण त्याला डाग धरू नये म्हणून वेळोवेळी सीलर लावावा लागतो. क्वार्ट्झ या कृत्रिम दगडाला सीलर लागत नाही, पण त्यात राळ असते, गरम भांडं थेट ठेवलं की डाग पडतो. आणि मला जास्त काळजी वाटते ती कापणाऱ्यांची. त्या दगडात सिलिका भरपूर, कोरडा कापला की बारीक धूळ फुप्फुसात जाते आणि सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. ऑस्ट्रेलियानं 1 जुलै 2024 पासून असा कृत्रिम दगड बनवण्यावर आणि बसवण्यावर बंदी घातली ती याचमुळे. माझं मत ग्रॅनाइटला. पण सिलिका त्यातही असते, म्हणून पाणी सोडूनच कापायला सांग, कापणाऱ्या पोरांना चांगले मास्क असल्याशिवाय यंत्र सुरू करू देऊ नकोस.

आता एक काम कर. खडू आणि टेप घेऊन सगळ्यांसोबत त्या रिकाम्या खोलीत जा. जमिनीवर ओटे, फ्रिज, ट्रॉलीची पूर्ण ओढलेली लांबी आखा. खोकी रचून ओट्याची उंची करा आणि खोटा खोटा स्वयंपाक करून बघा: फ्रिजमधून काढा, धुवा, चिरा, शिजवा, वाढा, घासा. जिथे दोघांची टक्कर होईल तिथे खूण करा.

वायरमन भिंती फोडायला येण्याआधी कुठलं यंत्र कुठे राहणार याची यादी मला हवी. ओव्हनसारख्या जास्त वीज खाणाऱ्या यंत्रांना वेगळी वायर, प्लग सिंकपासून लांब, आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की प्रवाह लगेच तोडणारा स्विच, हे मी त्याला स्वतः फोनवर सांगतो. दोघांची कोपराची मापं आणि खडूच्या आखणीचे फोटो पाठव, म्हणजे ट्रॉल्यांची मापं काढायला घेतो.

तुझे
बाबा