किलपेकचे चर्च आणि छताखालचे दगड

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत इंग्लंडमधील खेड्यांतल्या जुन्या चर्चवास्तूंवर प्रसिद्ध झालेला लेख वाचनीय होता. मात्र हेरफर्डशायरमधील किलपेकच्या चर्चची गणना लेखकाने टोकदार कमानींच्या गॉथिक वास्तूंत केली आहे आणि तिथली शिल्पे ऊनपावसात झिजू देण्यापेक्षा एखाद्या संग्रहालयात हलवावीत, असेही जाता जाता सुचविले आहे. पहिले विधान चुकीचे आहे आणि दुसरी सूचना मला धोक्याची वाटते.

इंग्लिश चर्च म्हणजे टोकदार कमानी आणि निमुळता उंच मनोरा, असे चित्र आपल्याकडे रूढ आहे आणि त्याला मुंबईही थोडी जबाबदार आहे. कुलाब्याचे अफगाण चर्च १८५८ मध्ये उपासनेसाठी खुले झाले आणि ते उभारले गेले ते तेराव्या शतकातील इंग्लिश ग्रामीण चर्चचा आदर्श डोळ्यांपुढे ठेवूनच. किलपेक त्याहून जुन्या परंपरेतले आहे. ते सुमारे ११४० मध्ये, म्हणजे कँटरबरी कॅथेड्रलचा पूर्वभाग ११७४ च्या आगीनंतर नव्या गॉथिक पद्धतीने उभारला जाण्याच्या तीसेक वर्षे आधी बांधले गेले. त्याच्या कमानी अर्धगोल आहेत, भिंती जाड आणि खिडक्या लहान आहेत, उंच मनोरा तर नाहीच. ही नॉर्मन काळातील रोमनेस्क शैली. आराखडाही साधा आहे : भाविकांचे लांबट दालन, त्यापुढे त्याहून अरुंद असा वेदीकडे नेणारा भाग आणि शेवटी अर्धवर्तुळाकार गाभारा. या मधल्या भागाच्या कमानीला दोन्ही बाजूंनी एकावर एक अशा तीन-तीन संतमूर्ती आहेत.

या लहानशा वास्तूला कीर्ती मिळाली ती तांबड्या वालुकाश्मातील कोरीव कामामुळे. दक्षिण दरवाजाच्या माथ्यावरील अर्धगोल शिळेवर वेलीसारखा पसरलेला जीवनवृक्ष आहे आणि बाजूच्या खांबांवर वेलींत गुरफटलेले, विजारी घातलेले योद्धे व एकमेकांना गिळू पाहणारे सर्प आहेत. पश्चिमेकडच्या कोपऱ्यातून जबडा वासलेले मकरासारखे मुख बाहेर आले आहे. त्यात अनेकांना स्कँडिनेव्हियन कलेची छाया दिसते. पण माझ्या मते किलपेकचे खरे वैभव छताच्या कडेखाली आहे. तिथे भिंतीतून पुढे आलेल्या दगडी तोड्यांची माळच वास्तूभोवती फिरते. त्यांतले पंच्याऐंशी आजही शिल्लक आहेत. कुत्रा आणि ससा शेजारी शेजारी बसले आहेत, आणि दोन्ही हातांनी आपली योनी उघडून दाखविणारी शीला-ना-गिगही त्याच रांगेत आहे. ती वासनेविरुद्धचा इशारा आहे की अरिष्ट टाळणारी रक्षक आकृती, यावर अभ्यासकांत एकमत नाही. आपल्या लेखात तिचा उल्लेखच टाळला आहे, हे मात्र खटकले.

आता स्थलांतराच्या सूचनेविषयी. तोडा हा भिंतीवर नंतर चिकटविलेला अलंकार नव्हे. त्याचे शेपूट भिंतीत रुतलेले असते आणि वरच्या कडेचा भार तो पेलतो. उलट छताची पुढे आलेली कड त्याच्यावरून पावसाचे पाणी दूर टाकते. एकाने दुसऱ्याला धरून ठेवलेले असते. हा संबंध तोडला की काय होते, याचा पुरावा त्याच परगण्यात, शॉबडन येथे आहे. त्याच शिल्पपरंपरेतील तेथील चर्च १७५० च्या दशकात पाडले गेले आणि त्याच्या कोरीव कमानी व दारांवरील शिळा जवळच्या उद्यानात, दूरवरून दिसावी अशी शोभेची रचना म्हणून उघड्यावर उभ्या केल्या गेल्या. बाराव्या शतकापासून छपराखाली टिकलेले ते काम त्यानंतर इतके झिजले की आज अनेक आकृती ओळखूही येत नाहीत. किलपेकची शिल्पे मात्र अजून मूळ जागीच आहेत.

संग्रहालयात छप्पर असतेच, असे लेखक म्हणतील आणि ते खरे आहे. परंतु पंच्याऐंशी तोडे भिंतीतून उपटायचे, तर चर्चची भिंत आणि छत दोन्ही उसवावे लागतील, आणि दालनात एकेक सुटा ठेवलेला दगड आपल्या शेजाऱ्यापासून तुटेल. कुत्र्याशेजारचा ससा दुसऱ्या कपाटात गेला, तर त्या जोडीत काय उरले? शिवाय हे चर्च आजही उपासनेसाठी वापरात आहे. त्याचे रक्षण करायचे तर छत, पन्हळी आणि दगडांच्या सांध्यांतील चुना यांची वेळच्या वेळी निगा राखणे हाच मार्ग आहे. एकोणिसाव्या शतकात आणि पुढेही तिथे दुरुस्त्या झाल्या, त्या वास्तू जागच्या जागी ठेवूनच.

पुढील अंकात या चर्चचे छायाचित्र पुन्हा छापणार असाल, तर निव्वळ दरवाजाचे न छापता छताखालची संपूर्ण रांग दिसेल असे छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे