सौदा करण्याआधी ड्रेनेज पाहिलं

सिॲटल, रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, घर पसंत आहे, बँक कर्ज द्यायला तयार आहे, मग घोडं पेंड कुठे खातंय? मी "ड्रेनेजपाशी" म्हटलं आणि नेमका तेव्हाच फोन कटला. नंतर दादाचा मेसेज आला की बाबा म्हणताहेत, गटार बघायला ३०० डॉलर कोण देतं! म्हणून सविस्तर लिहिते. दादाही सध्या नाशकात जुना बंगला बघतोय, त्यालाही हे वाचायला द्या.

सिॲटलमध्ये घरातून निघणारा सांडपाण्याचा पाइप रस्त्याखालच्या महापालिकेच्या मोठ्या लाइनला जिथे मिळतो, तिथपर्यंत तो घरमालकाचा असतो. कुंपणापर्यंत नव्हे, थेट रस्त्याखालच्या त्या जोडापर्यंत. त्याला इथे साइड सीवर म्हणतात. तो रस्त्याखाली फुटला तर खोदायची परवानगी आपण काढायची, फुटपाथ आपण फोडायचा आणि सगळं पूर्ववत करून देण्याचा खर्चही आपणच सोसायचा. पाइप जुना झाला किंवा झाडाच्या मुळांनी बिघडला, तर घराचा साधा विमा सहसा पैसे देत नाही. त्यातून घर घेताना जी नेहमीची तपासणी होते, म्हणजे छप्पर, पाया, वायरिंग वगैरे, तिच्यात जमिनीखालचा पाइप येतच नाही. तो वेगळा सांगून तपासून घ्यावा लागतो.

सिॲटलच्या वॉलिंगफोर्ड भागातलं हे घर १९२६ सालचं. मालकीणबाई दुसऱ्या राज्यात राहतात, घर वर्षानुवर्षं भाड्याने दिलेलं होतं. वॉशिंग्टन राज्यात विकणाऱ्याला 'फॉर्म १७' नावाचा माहितीचा फॉर्म भरून द्यावा लागतो. त्यातल्या सांडपाण्याच्या प्रश्नांपुढे त्यांनी 'माहीत नाही' वर खूण केली होती. त्यांना खरंच माहीत नसणार. पण भाडेकरू जाऊन काही महिने झालेत आणि घर रिकामं आहे. रिकाम्या घरातलं ड्रेनेज नेहमी चांगलंच वाटतं. बघायला आलेला माणूस एखादा नळ सोडतो, एकदा फ्लश करतो, पाणी मुकाट निघून जातं. खरी परीक्षा होते ती घर भरल्यावर, कपड्यांचं मशीन चालू असताना लागोपाठ आंघोळी झाल्या की. तेव्हा लाइन तुंबली तर मैला घरातल्या सगळ्यात खालच्या जाळीतून वर येतो. आणि सगळ्यात खाली आहे ती बागेकडे दार असलेली खोली, जी आम्ही तुम्हा दोघांसाठी ठरवली आहे. तुम्ही इथे आल्यावर तुमच्या न्हाणीघरात ती घाण वर यावी, हा विचारसुद्धा मला सहन होत नव्हता.

इथे चांगल्या घराला चार-पाच जण बोली लावतात आणि आपली बोली वरचढ ठरावी म्हणून कित्येक जण तपासणीची अट सोडून देतात. आम्ही सोडली नाही. आधी नेटवर शहराच्या नोंदी काढल्या. प्रत्येक घराचा साइड सीवर कुठून कुठे जातो याची कार्डं महापालिकेने जपून ठेवली आहेत, बरीचशी हाताने काढलेल्या नकाशांची. आमच्या कार्डावर लाइन स्वतंत्र दिसली तेव्हा हायसं वाटलं, कारण इथल्या जुन्या भागांत दोन-तीन घरांची मिळून एकच लाइनही असते.

मग कॅमेरावाला बोलावला. फुकट तपासणी करून देणारेही असतात, पण ते दुरुस्तीचं काम मिळवायला येतात. म्हणून आम्ही मुद्दाम दुरुस्तीची कामं न घेणारा माणूस शोधला. त्याने भिंतीलगतच्या पाइपाचं झाकण उघडून एक जाड, ताठ केबल आत सरकवायला सुरुवात केली. टोकाला अंगठ्याएवढा कॅमेरा, आणि किती फूट आत गेला त्याचा आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात. पहिला तुकडा बिडाचा होता, गंजाचे पोपडे धरलेला, पण धड. पुढे चिनीमातीचे पाइप लागले. दर दोन-तीन फुटांनी एक सांधा येत होता. ३१ फुटांवरच्या सांध्यातून बारीक मुळं आत उतरलेली दिसली आणि त्यापुढच्या सांध्यात तर त्यांचं दाट जाळं, कागदाचे लगदे अडकलेलं. तो म्हणाला, पाइप अजून पक्का आहे, भाजलेली माती शंभर वर्षं सहज टिकते. कच्चा असतो तो सांधा. तिथलं सिमेंट तडकतं, ओल बाहेर झिरपते आणि झाड त्या ओलीचा माग काढत येतं. समोर फुटपाथवर मोठा मेपल उभा आहेच.

४४ फुटांवर कॅमेरा पाण्यात बुडाला. स्क्रीनवर नुसता गढूळ राखाडी रंग, तो थेट ५२ फुटांपर्यंत. त्याने मला आत जाऊन सगळे नळ सोडायला आणि नंतर बंद करायला सांगितलं. पाणी थांबल्यावरही आतली पातळी उतरेना. या पाइपाला फुटाला पाव इंच ढाळ हवा, इथे खालची जमीन दबून आठ फुटांना झोळ पडलाय. नंतर कॅमेऱ्याचा सिग्नल पकडणारं यंत्र घेऊन तो अंगणात फिरला, गवतावर हिरवी रेघ मारली आणि शेजारी खोली लिहिली, साडेपाच फूट. (ड्रेनेजला हिरवा, पाण्याला निळा, गॅसला पिवळा, असे इथे रंग ठरलेले आहेत.)

बाबा, त्या ३०० डॉलरचं काय झालं ते आता सांगते. मालकीणबाईंच्या एजंटने सुचवलं की आम्ही जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने मुळं साफ करून देतो. आम्ही नको म्हटलं. मुळं कापली तरी सांधा उघडाच राहतो आणि ती पुन्हा येतात. राळेत भिजवलेली नळी जुन्या पाइपात सरकवून फुगवायची आणि आतल्या आत कडक होऊ द्यायची, हा न खोदता करायचा उपाय मुळांवर आणि तड्यांवर चांगला. पण ती नळी जुन्या पाइपाचाच आकार घेते, म्हणजे झोळ तसाच राहतो. तेव्हा झोळाचा भाग अंगणात खोदून नव्याने घालायचा आणि मुळं असलेल्या भागात व पुढे रस्त्याखाली नळी टाकायची असं ठरलं. अंदाज आला १६ ते २१ हजार डॉलर. बाईंनी किमतीत १७ हजार कमी केले. काम तुम्हीच करून द्या, असं आम्ही मुद्दामच म्हटलं नाही. घर सोडून चाललेला माणूस स्वस्तातलं काम उरकून मोकळा होतो. आपल्या पाइपाचं काम आपल्या डोळ्यांदेखत झालेलं बरं.

आई, तुला फोटोत आवडलेलं ते १९५१ सालचं पिवळं घर आम्ही याच कारणाने सोडलं. महायुद्धानंतर इकडे लाकडाचा लगदा आणि डांबर यांचे स्वस्त पाइप घालत, त्याला ऑरेंजबर्ग म्हणतात. ते मातीच्या भाराने चेपत जातात. तिथे कॅमेरा पुढे सरकेचना.

दादा, आता तुझ्यासाठी. टोकन देण्याआधी बंगल्याची सगळी चेंबरं उघडून बघ. वरच्या मजल्यावरचे नळ एकदम सोडायला लाव आणि शेवटच्या चेंबरपाशी स्वतः उभा राहा. पाणी सरळ वाहतंय की साचतंय, ते डोळ्यांनी बघ. लाइन महापालिकेच्या ड्रेनेजला जोडलेली आहे की सेप्टिक टँक आहे, ते तोंडी ऐकू नकोस, कागद माग. टँक असेल तर तो कुठे आहे आणि उपसणारी गाडी तिथवर पोचते का, तेही बघ. गाडी पोचत नसेल तर लोक माणूस खाली उतरवतात. सुरक्षा साधनांशिवाय असं उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी माणसं आत गुदमरून मरतात. आपल्या घरासाठी कुणालाही उतरवायचं नाही. कॅमेरा घालणारा कुणी मिळाला तर पैशांकडे बघू नकोस, मी पाठवते. आणि चेंबरचे फोटो मला आधी पाठव, मगच मालकाशी पुढचं बोल.

तुमची,
माधवी