निर्बंध चित्रीकरणावर असू द्या, आशयावर नकोत : माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री यांस,

सविनय नमस्कार.

जनआंदोलने आणि दुर्मीळ वन्यजीव हे स्वतंत्र माहितीपटांचे दोन जुने विषय. शासनाच्या दप्तरी त्यांच्या परवानग्या दोन वेगळ्या खात्यांकडे आहेत, जमिनीवर मात्र ते पुष्कळदा शेजारी नांदतात. नंदुरबार जिल्ह्यातील मणिबेली गाव सरदार सरोवराच्या बुडिताविरुद्ध उभे राहिले, आणि त्याच जिल्ह्यात शहाद्याजवळच्या जंगलात, १८८४ नंतर शतकभर ज्याची खात्रीलायक नोंद नव्हती तो रानपिंगळा, एक छोटे घुबड, १९९७ साली पुन्हा सापडला. मोर्चा कोणते वळण घेईल किंवा ढोलीतून पक्षी केव्हा बाहेर येईल, हे आधी कोणालाच सांगता येत नाही. तरीही चित्रीकरणाच्या अर्जासोबत चित्रपटात काय दिसेल याची संहिता मागितली जाते आणि आम्ही ती कल्पनेने लिहून देतो.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ नुसार अभयारण्यात चित्रीकरणासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि २०२२ च्या दुरुस्तीने अधिवासाला बाधा न पोहोचवण्याची अटही त्यात स्पष्टपणे घातली. या अटीविषयी माझी काहीच तक्रार नाही. उलट तिची अंमलबजावणी आजच्यापेक्षा काटेकोर व्हावी. तक्रार आहे ती प्रसारणापूर्वी चित्रपट अधिकाऱ्यांना दाखवण्याच्या सक्तीविषयी. २०१७ मध्ये काझीरंगातील शिकारप्रतिबंधक धोरणावर टीका करणाऱ्या माहितीपटानंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने बीबीसीला देशातील व्याघ्र प्रकल्पांत चित्रीकरण करण्यास पाच वर्षांची बंदी घातली, आणि चित्रपट आधी दाखवला नाही हा त्यातला एक आक्षेप होता. त्या माहितीपटातील मांडणी पटो वा न पटो, ज्या खात्याच्या धोरणाची चिकित्सा करायची त्यानेच ती आधी तपासायची, ही व्यवस्था कोणाच्याही हिताची नाही. वनखाते आपल्या अखत्यारीत नाही हे मी जाणतो; परंतु चित्रपटाच्या आशयाविषयी बोलण्याचा अधिकार शासनात कोणाला असेल, तर तो आपल्या मंत्रालयाला आहे.

आंदोलनांवरील माहितीपटांची वाट आपल्याच दारातून जाते. चित्रपटांची पूर्वतपासणी वैध ठरवणारा चित्रपटकार के. ए. अब्बास यांचा १९७० चा खटला एका माहितीपटावरूनच उभा राहिला होता. पुढे भोपाळ वायुकांडावरचा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त माहितीपट दूरदर्शनने नाकारला, तेव्हा १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दाखवण्याच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे न्याय मिळतो, पण ज्याला वर्षानुवर्षे खटला चालवणे परवडते त्यालाच. २०२१ मध्ये चित्रपट प्रमाणन अपील न्यायाधिकरण रद्द झाल्यापासून चित्रपट प्रमाणन मंडळाच्या (सेन्सॉर बोर्डाच्या) निर्णयाविरुद्ध थेट उच्च न्यायालय गाठावे लागते, आणि मोजक्या माणसांनी उसनवारी करून बनवलेल्या चित्रपटासाठी ही पायरी फार उंच आहे. २०२३ च्या दुरुस्तीने प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत काढून ते कायमचे केले, हे स्वागतार्हच. अपिलाचा प्रश्न मात्र तिने तसाच ठेवला. महोत्सवांना प्रमाणपत्रातून मिळणारी सूटही मंत्रालयाच्या मर्जीवर आहे. २०१७ मध्ये केरळच्या माहितीपट महोत्सवात ती तीन चित्रपटांना नाकारली गेली. त्यांचे विषय रोहित वेमुला, काश्मीर आणि जेएनयू असे होते.

आता ज्या ठिकाणी आमच्यावर कडक व्हायला हवे, तिकडे वळतो. दुर्मीळ पक्ष्याला ध्वनिमुद्रित साद ऐकवून कॅमेऱ्यासमोर ओढणे, घरट्यावर ड्रोन नेणे, रात्री प्रखर दिवे टाकणे किंवा ढोलीचे नेमके स्थान दृश्यांतून उघड करणे यांमुळे एखाद्या जोडीचा विणीचा हंगाम वाया जाऊ शकतो. असे करणाऱ्यांचे परवाने रद्द व्हावेत. आंदोलनातही हीच काळजी आम्ही घ्यायची असते, कारण ज्या चेहऱ्याचे आम्ही चित्रण करतो तोच उद्या खटल्यात ओळखला जातो. आम्ही चेहरे झाकतो, नावे गाळतो. पण मूळ चित्रण जप्त झाले की ती सारी सावधगिरी व्यर्थ ठरते. १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यातील, पत्रकाराला माहितीचा स्रोत गुप्त ठेवू देणारे संरक्षण फक्त कौन्सिलपुढील कामकाजापुरते आहे. पोलिसांपुढे ते उपयोगी पडत नाही.

म्हणून विनंती अशी की, वनक्षेत्रातील परवाने केवळ चित्रीकरणाच्या पद्धतीवर ठरावेत आणि पूर्वदर्शनाची अट वगळावी, यासाठी आपण पर्यावरण मंत्रालयाशी बोलावे. अपिलासाठी स्वल्प खर्चाची यंत्रणा पुन्हा उभी करावी, आणि महोत्सवाची सूट नाकारायची झाल्यास लेखी कारणे ठरावीक मुदतीत द्यावीत. मूळ चित्रण न्यायालयाच्या आदेशावाचून मागता येणार नाही, अशी तरतूदही कायद्यात यावी. यातल्या अपिलाच्या आणि महोत्सवांच्या मागण्या आपल्याच मंत्रालयाच्या कक्षेतल्या आहेत, तेव्हा निदान त्यांवरील आपली भूमिका लेखी कळवावी, ही अपेक्षा.

आपला विश्वासू,
एक स्वतंत्र माहितीपटकार