गिटारवादकाच्या मुलाखतीत कराराचीही एक ओळ हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडीच्या दिवसांत महालक्ष्मीच्या रेसकोर्सपासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओपर्यंत रॉक आणि ब्लूजचे मोठे कार्यक्रम होतात आणि पुरवण्यांमध्ये गिटारवादकांच्या मुलाखती येतात. ‘तुम्ही कोणती गिटार वापरता?’ हा प्रश्न त्यांत हमखास असतो. उत्तरात कंपनीचे आणि मॉडेलचे नाव छापून येते आणि शिकणारी मुले तेच नाव घेऊन धोबी तलावच्या दुकानांत जातात. त्या उत्तरामागे करार असेल, तर तोही वाचकाला कळायला हवा, म्हणून हे पत्र.

वादक आणि कंपनी यांच्यातल्या व्यवहाराला पायऱ्या आहेत. सर्वांत वर आहेत स्वतःच्या नावाचे, म्हणजे ‘सहीचे’, मॉडेल निघालेले वादक. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गिटारमागे त्यांना वाटा मिळतो. त्याखाली कुणाला गिटार फुकट मिळते, कुणाला सवलतीत. तारा, पेडल (पायाने चालवायची, आवाज बदलणारी यंत्रे) आणि अँप (आवाज वाढवणारे यंत्र) यांच्या कंपन्या दौऱ्यापुरते सामान देतात. यात निंदा करण्यासारखे काही नाही. गिब्सन कंपनीने १९५२ मध्ये आणलेल्या गिटारला लेस पॉल या वादकाचेच नाव होते. फेंडर कंपनीने १९८८ मध्ये गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या नावाची स्ट्रॅटोकास्टर काढली. तिच्यात मिड्स (मधल्या पट्टीचे आवाज) २५ डेसिबलपर्यंत उचलणारे, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे सर्किट असते. साध्या स्ट्रॅटमधून (स्ट्रॅटोकास्टरमधून) तो आवाज निघत नाही, तेव्हा तिथे नावाला अर्थ आहे.

सगळ्याच सह्यांमागे असे काम नसते. सहीचे मॉडेल आणि त्याच कंपनीचे साधे मॉडेल यांची माहितीपत्रके शेजारी ठेवून वाचावीत. स्केल (तारेची वाजणारी लांबी), पिकअप (तारेचा कंप पकडणारे चुंबक), पॉटचा (आवाजाच्या बटणाखालच्या भागाचा) ओममधला आकडा, ब्रिज (तारा खालून धरणारा भाग), फ्रेटची (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांची) जाडी आणि फिंगरबोर्डची गोलाई एवढे पाहिले की पुरे. फेंडरचा स्केल साडेपंचवीस इंच, गिब्सनचा पावणेपंचवीसच्या आसपास. त्याच जाडीच्या तारा त्याच स्वरात लावल्या तर फेंडरवर ताण जास्त येतो आणि तार ओढायला बोटांना जोर लागतो. सिंगल कॉइल (एका वेटोळ्याच्या) पिकअपला सहसा २५० किलोओमचा पॉट असतो, हंबकरला (दोन वेटोळ्यांच्या पिकअपला) ५०० चा. हंबकरला २५० चा लावला की वरचे स्वर मंदावतात आणि आवाज जाड वाटतो. यातले काहीच वेगळे नसेल, तर जादा पैसे रंगाचे आणि सहीचे आहेत. ज्याला रंग आवडतो त्याने खुशाल द्यावेत, पण ते आवाजासाठी दिले असे समजू नये.

पोस्टरवरची गिटार आणि रेकॉर्डवरची गिटार एकच असते असेही नाही. लेड झेपेलिन बँडचा गिटारवादक जिमी पेज म्हटले की लेस पॉल आठवते, पण लेड झेपेलिनची १९६९ ची पहिली रेकॉर्ड त्याने मुख्यतः फेंडरची टेलीकास्टर आणि सुप्रो कंपनीचा अँप घेऊन वाजवली. क्वीन बँडच्या ब्रायन मेने तर वडिलांच्या मदतीने, जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड आणि मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा वापरून घरीच गिटार बनवली आणि तारा छेडायच्या पिकऐवजी सहा पेन्सचे नाणे वापरले. मोठ्या रंगमंचावर मागे उभी असलेली स्पीकरची भिंतही पुष्कळदा रिकाम्या खोक्यांची असते. खरा आवाज एका लहान अँपसमोर ठेवलेल्या माइकमधून किंवा डिजिटल यंत्रातून येतो.

कंपन्यांकडे वळू. सीबीएस या प्रसारण कंपनीने १९६५ मध्ये फेंडर १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतली. त्यानंतर हेडस्टॉक (गिटारचे वरचे टोक) मोठा झाला आणि पुढे १९७१ पासून स्ट्रॅटचा नेक (मान) चारऐवजी तीन स्क्रूंवर बसू लागला. सांध्यात नेक हलण्याची तक्रार याच गिटारींची. १९८५ मध्ये कंपनीच्याच व्यवस्थापकांनी आणि गुंतवणूकदारांनी ती परत घेतली. गिब्सन १९६९ पासून १९८६ पर्यंत नॉर्लिन या समूहाकडे होती. २०१८ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि मालकी केकेआर या गुंतवणूक संस्थेकडे गेली. नाव तेच राहिले तरी निर्णय घेणारे बदलतात आणि कुठे काटकसर करायची हेही बदलते. स्वस्त गिटारींची गोष्ट आणखी वेगळी. कोर्ट या कंपनीच्या गिटार जिथे बनतात, त्याच इंडोनेशियन कारखान्यात पीआरएस या कंपनीच्या स्वस्त एसई मालिकेच्या गिटारही बनतात. हेडस्टॉकवरचे नाव वाचून कारागिरीचा अंदाज बांधता येत नाही. फ्रेटच्या कडा बोटाने चाचपून, नेक डोळ्यासमोर धरून, प्रत्येक फ्रेटवर प्रत्येक तार वाजवूनच तो बांधावा लागतो.

आपल्या शहरातही रॉकला पैसा उद्योगांनीच पुरवला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ‘सिमला बीट’ ही बँडची स्पर्धा सिमला या सिगारेटच्या ब्रँडसाठी इंपीरियल टोबॅको भरवत असे. तिच्यातूनच त्या काळातल्या भारतीय बँडच्या १९७० आणि १९७१ च्या रेकॉर्ड मागे राहिल्या. त्या नसत्या तर तो काळ आज ऐकायलाच मिळाला नसता, हे आम्ही कृतज्ञतेने म्हणतो. १९८६ मध्ये रंगभवन या खुल्या प्रेक्षागृहात इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव सुरू झाला. रंगभवनाचा आवाज शांतता क्षेत्राच्या नियमाने बंद झाल्यावर मोठ्या कार्यक्रमांसाठी मोठी मैदाने आणि मोठे प्रायोजक लागू लागले. आज मोटारगाड्यांच्या आणि मद्याच्या ब्रँडची नावे महोत्सवांच्या नावालाच जोडलेली असतात. मद्याची थेट जाहिरात टीव्हीवर करता येत नाही, त्यामुळे त्या ब्रँडना गाण्याबजावण्याची सोबत फार मोलाची वाटते. वाचकाला हे माहीत असावे, एवढेच आमचे म्हणणे. गायक-गिटारवादक नील यंगने १९८८ मध्ये प्रायोजकांवर टीका करणारे गाणे केले, तेव्हा एमटीव्हीने त्याचा व्हिडिओ आधी दाखवायचे नाकारले आणि पुढच्याच वर्षी त्याला वर्षातल्या सर्वोत्तम व्हिडिओचे पारितोषिक दिले. हा धंदा मोकळ्या चर्चेने बुडत नाही.

आता मुंबईच्या मुलांनी पैसे कुठे घालावेत ते सांगतो, कारण मुलाखतींत हे कधीच येत नाही. आधी सेटअप, म्हणजे गिटारची जुळणी. इथल्या पावसाळ्यात लाकूड ओलावा घेते, नेक कधी पुढे वाकतो, कधी मागे, आणि महाग गिटारही बेसूर होते. नव्या तारा लावून स्वरात आणाव्यात. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावावा, नेक जिथे बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर जाडी तार दाबावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांतली फट पाहावी. पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकमधली सळई) घट्ट करावा, तार फ्रेटला टेकत असेल तर सैल. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये, पुन्हा स्वर लावून पाहावे, आणि जोर लागत असेल तर थांबून कारागिराकडे जावे. रॉडचा आटा गेला तर दुरुस्ती गिटारच्या किमतीवर जाते. त्यानंतर अॅक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारेची उंची: स्ट्रॅटवर सतराव्या फ्रेटपाशी सुमारे १.६ मिलिमीटर. शेवटी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला हलकेच स्पर्श करून काढलेला स्वर) आणि दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहावा. दाबलेला चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे न्यावे, उतरला असेल तर पुढे आणावे. हा क्रम उलटा केला की सगळे पुन्हा करावे लागते.

आवडत्या वादकाच्या तारा ९ च्या जागी जाड १० च्या, म्हणून त्या लावल्या की स्ट्रॅटचा ट्रेमोलो (स्प्रिंगांवर हलणारा) ब्रिज वर उचलला जातो आणि अॅक्शन वाढते. मागचे झाकण काढून स्प्रिंगा धरणाऱ्या पट्टीचे दोन स्क्रू घट्ट केले की तो परत बसतो. स्वर लावताना नटपाशी (हेडस्टॉकजवळच्या खाचांच्या पट्टीपाशी) ‘टिंग’ वाजले तर तार खाचेत अडकते आहे. पेन्सिलीचे शिसे खाचेत घासले तरी बऱ्याचदा काम भागते. पॉट खरखरत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा, शिवणयंत्राचे तेल नको. तेलावर धूळ बसते.

अँपच्या बाबतीत तर मोठ्या नावाच्या हौसेने सर्वांत जास्त नुकसान होते. दहापट वॉट म्हणजे कानाला जेमतेम दुप्पट आवाज. गिरगावातल्या खोलीत १५ वॉटचा व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) अँपही पूर्ण आवाजात लावता येत नाही, मग १०० वॉटचा कशाला? निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कायद्याची मर्यादा आहे. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेल्या अँपच्या पाठीवर १२० व्होल्ट लिहिलेले असेल तर तो आपल्या २३० व्होल्टला थेट लावू नये. नशीब असेल तर फ्यूज उडतो, नसेल तर ट्रान्सफॉर्मर जळतो. १५० वॉट खेचणाऱ्या अँपला ३०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) स्टेप-डाउन (व्होल्टेज उतरवणारा) ट्रान्सफॉर्मर घ्यावा. जुन्या चाळींत अर्थिंग आहे की नाही हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. अर्थिंग नसेल आणि अँपमध्ये किंवा साउंड सिस्टिममध्ये बिघाड असेल, तर एका हातात गिटारच्या तारा आणि ओठाला माइक लागताच बसणारा शॉक जीवघेणा ठरू शकतो.

म्हणून विनंती अशी. मोबदला घेऊन शिफारस करणाऱ्याने कंपनीशी असलेला संबंध जाहीर करावा, अशी मार्गदर्शक तत्त्वे जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरच्या प्रभावकांसाठी काढली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये जाहिरातींसाठी तशीच तरतूद केली. छापील मुलाखत ही जाहिरात नव्हे, हे आम्हाला मान्य आहे. तरी आपल्या वार्ताहरांनी ‘कोणती गिटार?’ याच्या पाठोपाठ ‘ती विकत घेतली की कंपनीने दिली?’ हेही विचारावे आणि उत्तर आले तसे छापावे. महोत्सवाच्या बातमीत प्रायोजकाचे नाव येतेच. त्याने वृत्तपत्रालाही जाहिरात दिली असेल, तर तेही त्याच बातमीखाली लिहावे.

आपले,
गिटारदुरुस्ती करणारे काही कारागीर आणि वादक,
मुंबई