दुकान बंद करणारे आणि भाडे मागणारे एकच होते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महापालिकेच्या गाळ्यांच्या थकबाकीवरचा आपला कालचा अग्रलेख वाचला. कोरोनाच्या काळात पालिकेने व्यापाऱ्यांना पुरेशा सवलती दिल्या, आता गाळेधारकांनी तेच निमित्त किती दिवस सांगायचे, गाळे सील होत असतील तर होऊ द्यावेत, असा त्याचा एकूण सूर आहे. आपला पेपर आमच्या घरी वडिलांच्या वेळेपासून येतो, म्हणून राग गिळून हे पत्र लिहीत आहे. मी थकबाकीदार नाही. पालिकेचा एक रुपया माझ्याकडे बाकी नाही. तरीही त्या सवलतींबद्दल वाचून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

माझे शालेय गणवेशाचे दुकान आहे, पालिकेच्याच व्यापारी संकुलात. या धंद्यात मे-जूनमध्ये जे विकले जाते त्यावर पुढचे वर्ष काढायचे असते. कापड जानेवारीतच उचलावे लागते. मार्च 2020 मध्ये माल शिवून, इस्त्री होऊन, नंबरवार गठ्ठे बांधून माळ्यावर चढला होता आणि टाळेबंदी लागली. जूनमध्ये दुकाने उघडायला परवानगी मिळाली, एक दिवस रस्त्याची ही बाजू, दुसऱ्या दिवशी ती. पण शाळा कुठे उघडल्या होत्या? नववी ते बारावीचे वर्ग 23 नोव्हेंबर 2020 पासून, पाचवी ते आठवीचे 27 जानेवारी 2021 पासून, तेही जिथे स्थानिक प्रशासनाने होकार दिला तिथेच. पहिली ते चौथीची मुले ही माझी खरी गिऱ्हाईके. ती डिसेंबर 2021 पर्यंत घरीच होती. ज्या पोराला 24 नंबरची चड्डी बसली असती ते तोवर 28 वर गेले. पांढरे शर्ट घडीवर पिवळे पडले. एका शाळेने मधल्या काळात चौकडीच बदलली, तो सगळा गठ्ठा मी शेवटी गोधड्या शिवणाऱ्या बाईंना किलोवर दिला. दुसरा हंगामही असाच गेला. जून 2021 मध्ये निर्बंध सैल झाले तेव्हा दुपारी चारला शटर खाली घ्यावे लागत होते, आणि पोरांचे आईबाप कामावरून सुटतात संध्याकाळी.

पालिकेच्या कागदावर मात्र माझे दुकान जून 2020 पासून सुरू होते. त्यामुळे भाडेही सुरू होते.

आता जे सांगतो ते कृपया छापावे. मे 2021. ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध, अत्यावश्यक सोडून सगळी दुकाने बंद. मालाला वाळवी लागली नाही ना एवढेच बघायला मी संकुलात गेलो. बाहेरच्या लोखंडी दारावर दुकाने बंद ठेवण्याच्या आदेशाची प्रत चिकटवलेली होती, उघडल्यास दंड आणि गुन्हा. आत जाऊन पाहतो तर माझ्या शटरवर दुसरा कागद. थकीत भाडे सात दिवसांत भरा, अन्यथा गाळा ताब्यात घेण्यात येईल. दोन्ही कागदांवर शिक्का एकाच पालिकेचा. शटर उघडले तर गुन्हा, न उघडता भाडे भरले नाही तर जप्ती. माणसाने करायचे काय? हा प्रश्न मी मालमत्ता विभागातल्या साहेबांना विचारला. ते म्हणाले, आमच्याकडे फक्त वसुलीचे टार्गेट येते, बंदचा विषय दुसऱ्या विभागाचा.

याच राज्याच्या गृहनिर्माण विभागाने एप्रिल 2020 मध्ये घरमालकांना सांगितले होते, किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकला, भाडे थकले म्हणून कुणाला घराबाहेर काढू नका. त्या घरमालकांत पेन्शनवर जगणारे म्हातारे होते, एका खोलीच्या भाड्यावर संसार चालवणाऱ्या विधवा होत्या. त्यांनी कळ सोसावी अशी सरकारची अपेक्षा होती आणि अनेकांनी ती सोसलीही. मग पालिका जिथे स्वतः मालक आहे तिथे तिने तेवढेही करू नये? आमच्या पालिकेच्या सर्वसाधारण सभेने तीन महिन्यांच्या भाडेमाफीचा ठराव ऑनलाइन बैठकीत मंजूर केला होता. प्रशासनाने तो विखंडनासाठी, म्हणजे रद्द करून घेण्यासाठी, शासनाकडे पाठवला. त्यानंतर नगरसेवकांची मुदत संपली, प्रशासक आले, आणि त्या ठरावाचे काय झाले हे आजतागायत कुणी सांगू शकलेले नाही. आपल्या अग्रलेखात त्या ठरावाचा उल्लेखसुद्धा नाही.

मी भाडे भरले. बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवून भरले. खिडकीवर पैसे दिले तेव्हा कारकुनाने ते आधी शास्तीत जमा केले, म्हणजे थकबाकीवरच्या दरमहा 2 टक्के दंडात, आणि उरले ते मुद्दलात. पावती माझ्याकडे आहे. शास्तीचा रकाना भरलेला आणि भाड्याच्या रकान्यात अर्धवट आकडा, म्हणून पुढच्या महिन्यात त्या उरलेल्या भाड्यावर पुन्हा शास्ती. हे सगळे फिटल्यावर काही महिन्यांनी अभय योजना आली. ज्यांनी भरले नव्हते त्यांची बहुतांश शास्ती माफ. आपण ज्याला पालिकेची मदत म्हणता ती हीच. माझ्या शेजारच्या गाळेवाल्याला ती मिळाली याचे मला वाईट वाटत नाही, त्याच्या घरी त्या काळात दोन माणसे गेली. पण ज्याने दागिना गहाण ठेवून वेळेत पैसे आणून दिले त्याला पालिकेने परत काय दिले? मी खिडकीवर विचारले तर उत्तर मिळाले, भरलेल्या रकमेचा परतावा देण्याची तरतूद नाही.

तिजोरी रिकामी होती, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर (एलबीटी) गेला, 2017 पासून पालिका जीएसटीच्या भरपाईसाठी राज्याच्या तोंडाकडे बघतात. त्या दिवसांत पालिकेच्या सफाई कामगारांनी आणि दवाखान्यांतल्या नर्सेसनी जे केले त्यापुढे मी हात जोडतो. पण पैसे नव्हते म्हणून मदत केली नाही असे सरळ लिहा. मदत केली असे लिहू नका. इंग्लंडमध्ये 2020-21 या पूर्ण वर्षासाठी किरकोळ दुकानांचा व्यवसाय कर माफ झाला आणि तिथल्या छोट्या धंद्यांना 10,000 पौंडांचे अनुदान स्थानिक कौन्सिलांनी पोहोचवले. पैसा वरच्या सरकारचा होता, वाटप खालून झाले. आपल्याकडेही वरून काही आलेच. फेरीवाल्यांना स्वनिधी योजनेत 10,000 रुपयांचे विनातारण कर्ज, व्याजात 7 टक्के सवलत, आणि एप्रिल 2021 मध्ये राज्याने नोंदणीकृत फेरीवाल्यांना 1,500 रुपये जाहीर केले. चांगलेच झाले, जरी ज्यांची नावे पालिकेच्या सर्वेक्षणात आली नव्हती ते भाजीवाले शिफारसपत्रासाठी हेलपाटे घालताना मी डोळ्यांनी पाहिले आहेत. केंद्राच्या तातडीच्या कर्जहमी योजनेत पहिल्यांदा मिळाले ते 29 फेब्रुवारी 2020 रोजीच्या शिल्लक कर्जाच्या 20 टक्के, म्हणजे ज्याच्या डोक्यावर आधीच बँकेचे कर्ज होते त्याला. वडिलांनी आम्हाला कर्ज काढू नको म्हणून शिकवले. मी ना फेरीवाला, ना बँकेचा कर्जदार. माझ्यासारख्याला मदत करू शकणारी एकच संस्था होती, माझ्या गाळ्याची मालक. तिला खिशातून एक पैसा द्यायचा नव्हता. जे महिने तिनेच दुकान बंद ठेवायला लावले त्यांचे भाडे फक्त मागायचे नव्हते.

विषय निघालाच आहे तर आणखी एक. आमच्या संकुलातले स्वच्छतागृह पहिल्या टाळेबंदीत कुलूप लावून बंद केले ते अजून बंद आहे. भाडेबिलात सेवाशुल्क दर महिन्याला येते. माझ्याकडे कामाला दोन बायका आहेत, त्यांना पलीकडच्या हॉटेलवाल्याला विनंती करून जावे लागते. आम्हा सगळ्या दुकानदारांच्या सह्यांचे निवेदन दिले, त्याची पोच आहे, उत्तर नाही. आपल्या बातमीदाराने पुढच्या वेळी थकबाकीचा आकडा घ्यायला पालिकेत जावे तेव्हा वाटेत आमच्याकडे पाच मिनिटे थांबून ते कुलूपही बघावे.

माझी मागणी सवलतीची नाही. एप्रिल-मे 2020 आणि एप्रिल-मे 2021 या ज्या महिन्यांत सरकारी आदेशाने दुकान बंद होते, त्या महिन्यांचे घेतलेले भाडे आणि त्यावरची शास्ती माझ्या पुढच्या बिलांतून वळती करावी. भरलेल्यांना आणि न भरलेल्यांना एकच नियम लावावा. तो अडकलेला ठराव शासनाकडून मागवून घ्यावा आणि त्यावर हो किंवा नाही ते लेखी कळवावे. आणि आपण कालच्या अग्रलेखात सरसकट सगळ्या गाळेधारकांना निमित्त सांगणारे म्हटले आहे, त्याबद्दल दुरुस्ती छापावी. पावत्या, नोटीस आणि निवेदनाची पोच यांच्या प्रती पत्रासोबत जोडल्या आहेत.

आपला नम्र,
पालिकेच्या व्यापारी संकुलातील एक गाळेधारक
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे, छापू नये)